डब्याखालचं नाव

कल्याण पूर्वेतल्या एका अभ्यासिकेच्या साठच्या साठ जागा मी एका रविवारी सकाळी दहा वाजता एकट्याने अडवल्या. माझं वय तेव्हा सेहेचाळीस होतं आणि मला कुठलीही परीक्षा द्यायची नव्हती.

मुद्दाम केलं असतं तर निदान बदमाश म्हणून तरी नाव झालं असतं. मी ते समाजकार्य म्हणून केलं.

अभ्यासिका विहाराच्या वरच्या मजल्यावर आहे. डोंबिवलीला राहायला जाऊन मला आता बरीच वर्षं झाली, पण माझं इंजिनियरिंग पार पडलं ते याच मजल्यावर. तेव्हा तिथे खुर्च्या नव्हत्या, सतरंज्या होत्या. चालवणारे सर मात्र तेच आहेत. शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झाले आणि तेव्हापासून अभ्यासिकेच्या दाराशी टेबल टाकून बसतात. कोणी पान जरा जोरात उलटलं तरी चष्म्यावरून बघतात.

दर वर्षी जागावाटपाच्या दिवशी पहाटेपासून जिन्यावर रांग लागायची. ज्यांची ड्यूटी असेल ते रांगेत नसायचे, म्हणजे वर्षभर अभ्यासिकेतही नसायचे. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सांगण्यावरून सरांनी इंटरनेटवरचा फुकटचा फॉर्म लावला. एका पठ्ठ्याने घरबसल्या अकरा जागा मित्रांच्या नावावर केल्या. त्यातले बरेचसे मित्र तिकडे एकदाही फिरकले नाहीत. पुढच्या वर्षी सरांनी मुकाट्याने लाल कापडाच्या बांधणीचं जुनं रजिस्टर परत बाहेर काढलं.

तेव्हा मी, कोणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "सर, मी करून देतो. माझं रोजचंच काम आहे."

ते खरं होतं. कोलशेतला एका छोट्या कंपनीत मी वीस वर्षं हेच करतोय. दवाखान्यांच्या, क्लासवाल्यांच्या, एका लोणचेवाल्या बाईंच्या वेबसाइट बांधतो. ऑफिसातली नवी पोरं मला तोंडावर सर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी चौकशी करून ठेवलंय, पण इथे लिहीत नाही.

सरांच्या अटी दोन. एका माणसाला एकच जागा. आणि ओळखीपाळखीने कोणाचं नाव घुसवायचं नाही, ज्याने त्याने आपलं आपण नोंदवायचं. पहिल्या अटीवर मी लगेच तोडगा काढला. इंटरनेटवर आलेल्या प्रत्येकाला एक पत्ता असतो, लांबलचक आकड्यांचा. एका पत्त्यावरून एकदा नोंदणी झाली की त्या पत्त्याला दार बंद. सर म्हणाले, "छान." मी कॉलर टाइट केली.

आता थोडं धंद्याचं सांगतो. कंटाळा येणार नाही, कारण यातच माझी फजिती आहे. वेबसाइट हल्ली कोणी शून्यापासून बांधत नाही, त्यासाठी फ्रेमवर्क असतं. फ्रेमवर्क म्हणजे तयार भाजणी. धान्यं कोणी भाजली, कुठल्या गिरणीत दळली, विचारायचं नाही. पाणी घालायचं, थालीपीठ थापायचं. समोरून कोणी काही मागितलं की फ्रेमवर्क ती मागणी निवडून, पाखडून आपल्या हातात देतं: हे नाव, हा मोबाइल नंबर, हा आणणाऱ्याचा पत्ता. मुळात प्रत्येक मागणीच्या डोक्यावर दहा-पंधरा ओळी लिहिलेल्या असतात. त्यांना हेडर म्हणतात. मागणी कुठल्या फोनमधून निघाली, त्या फोनला कुठली भाषा हवी, वाटेत ती कोणाच्या हातातून गेली, असं सगळं त्यात असतं. हे हेडर मी वीस वर्षं लोक लग्नपत्रिका वाचतात तसे वाचत आलोय. तारीख, हॉल, जेवणाची वेळ. कोपऱ्यातली बच्चेकंपनीची किलबिल कोण वाचतो?

घरी माझ्या, बायकोच्या आणि आईच्या अशा तिन्ही फोनवरून करून पाहिलं. चोख. एकेकाला एकेक जागा, दुसऱ्यांदा केलं की नम्र नकार. मग ते एका कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं आणि झोपलो.

रविवारी आईला घेऊन गेलो. तिचं अर्धं आयुष्य तिथल्या चाळीत गेलंय, तिला मैत्रिणींना भेटायचं होतं. वर चाळीसेक मुलंमुली फोन काढून बसलेली, भिंतीवर प्रोजेक्टर. मी म्हटलं, दहा वाजले, करा सुरू.

"असं कसं? उद्घाटन नको?" सर म्हणाले. "पहिली नोंदणी तुझ्या हातून होऊ दे."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण उद्घाटनाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचाय. मी विहाराच्या वायफायवरून, सगळ्यांना पडद्यावर दिसेल असा फॉर्म भरला. 'कोणत्या परीक्षेची तयारी करत आहात?' असा रकाना होता. तिथे मी 'आयुष्याची' असं टाइप केलं आणि टाळ्यांसाठी मागे वळून पाहिलं. दोघांनी वाजवल्या. त्यातली एक आई होती, आणि चष्मा घरी राहिल्याने तिला पडद्यावरचं काही दिसत नव्हतं.

अभिनंदन! जागा क्रमांक एक.

मग चाळीस अंगठे एकदम फोनवर पडले. अर्ध्या मिनिटात जल्लोष. "झालं!" "माझंपण झालं!" "अरे, भारीच फास्ट आहे!" मी हात जोडून सगळीकडे फिरून अभिवादन केलं. सरांनी शांतपणे विचारलं, "यादी दाखव."

यादीत एकच नाव होतं. माझं.

सगळ्यांच्या फोनवर लिहून आलेलं, 'आपली नोंदणी आधीच झाली आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करू नये.' वाक्य माझंच. त्यातला 'कृपया' तर मी खास आग्रहाने घातला होता.

"हे काय रे?"

"लोड आहे, सर."

डॉक्टरांना जसं व्हायरल, तसं आम्हाला लोड. काय झालंय ते कळेपर्यंत म्हणायचं. म्हणत म्हणत मी लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. आलेली प्रत्येक मागणी, अगदी प्रत्येक, एकाच पत्त्यावरून येत होती.

मी चक्क खुर्चीवर उभा राहिलो. "मित्रांनो, हे सगळं एकच माणूस करतोय. तो कोण आहे ते मी शोधणारच आहे. त्याने स्वतःहून पुढे यावं."

मग मी प्रामाणिकपणावर बोललो. चांगली पाचेक मिनिटं बोललो. या वास्तूत आम्ही कसे सतरंजीवर बसून शिकलो वगैरे. बोलताना माझं बोट पिवळ्या टीशर्टातल्या एका मुलाकडे जात राहिलं. का, तर तो मघापासून हसत होता.

"काका," तो म्हणाला, "माझा तर फोनच चार्जिंगला लावलाय. तो बघा, तुमच्या मागे."

मी खाली उतरलो. एकच माणूस हे करतोय हे माझं निदान अचूक होतं, एवढं तरी नोंदवून ठेवतो.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सरांना कानाला लावून ऐकू येत नाही, ते स्पीकरवर बोलतात. एका मुलीचा आवाज आला, मागे कसलातरी यंत्राचा खडखडाट.

"सर, माझं पहिल्याच झटक्यात झालं! आधीच झालं म्हणून आलंय. जागा कुठली मिळाली मला? खिडकीजवळची आहे का?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"ताई," मी म्हणालो, "तसं नाहीये. अजून झालेलं नाही."

"पण झालीये म्हणून आलंय ना?"

"ते चुकून येतंय. माझं चुकलंय."

सकाळपासून मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. मग ती म्हणाली, "मग लवकर करा ना, काका. माझा ब्रेक संपत आलाय. सव्वा अकराला मोबाइल लॉकरला जमा करावा लागतो, मग सहालाच हातात येतो."

फोन ठेवून सरांनी सांगितलं. शीळफाट्याच्या गोदामात ती पॅकिंगला आहे, रविवारीपण ड्यूटी. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. बँकेची परीक्षा दोन महिन्यांवर आलीये. गेल्या वर्षी रांगेच्या दिवशी कामावर होती म्हणून जागा गेली. तेव्हापासून इथेच जिन्याच्या वळणावर, दिव्याखाली बसून वाचते. "ऑनलाइन होणार कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तीच झालेली," सर म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. अकराला दहा कमी. "साडेअकराला मी रजिस्टर उघडतो. समोर हजर असेल त्याची जागा."

"सर, तिचं तेवढं एक नाव तुम्हीच लिहा ना."

"आज तिचं लिहिलं तर उद्या कुठल्यातरी पुढाऱ्याच्या भाच्याचं लिहावं लागेल. तुझंसुद्धा लिहिलं नव्हतं. पहाटे साडेचारला येऊन उभा राहिला होतास, आठवतं?"

आठवत होतं. मी लॅपटॉपसमोर बसलो. पाच मिनिटं गेली. समोर तोच एक पत्ता. पत्त्याचा नियमच उपटून फेकून देता आला असता हे आज कोणीही सांगेल. मला सुचलं नाही. अभिमान असला की सोपं काही सुचत नाही.

मागे आईचं वेगळंच चाललेलं. दाराशी खालच्या घरातली सून आली, तिने आईच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि घाईत होती म्हणून लगेच गेली. आईने डबा उचलून डोळ्यांजवळ नेला, बुडाला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव बोटाने चाचपत वाचलं आणि माझ्याच कानाशी येऊन आनंदाने म्हणाली, "अरे, हा मागच्या चाळीतून आलाय. माझ्या मैत्रिणीचा डबा!"

"आई, कामात आहे मी. आणि तो खालच्या घरातल्या सुनेने आणला. मी पाहिलं ना."

"आणला तिने. पाठवला तिने नाही. दाराशी जो उभा असतो तो पाठवणारा असतो होय रे? खालचं नाव वाचायचं. ते मला दुसरी शिकून येतं."

चाळीत वाढलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये. आमच्याकडे वाटीचमच्यापासून हंड्यापर्यंत सगळ्यावर नाव घातलेलं असायचं, कारण भांडी घरात कमी आणि गॅलरीत जास्त असायची. कोणाचा डबा त्याच्या मालकिणीच्या हातून थेट आला असं क्वचितच व्हायचं. तो चार हातांतून यायचा. परत करताना खालचं नाव वाचून, आत काहीतरी घालून, त्या नावाला परत जायचा. आणणाऱ्या पोरीच्या घरी डबा परत पाठवला असता तर आईने फटके दिले असते.

आणि मी तेच करत होतो.

घरी तिन्ही फोन थेट माझ्या लॅपटॉपशी बोलत होते. भाड्याच्या सर्व्हरवर मात्र माझ्या प्रोग्रामपुढे एक दारवान बसवलेला असतो. बाहेरून आलेली प्रत्येक मागणी तो घेतो आणि आत आणून देतो. मी दर वेळी फ्रेमवर्कला विचारत होतो, दाराशी कोण आहे? फ्रेमवर्क बिचारं खरं सांगत होतं: दारवान. पुन्हा कोण? दारवान. त्या दारवानाच्या नावावर मी उद्घाटनाची जागा नोंदवली आणि उरलेल्या कल्याणला दार लावून घेतलं. मुळात पाठवलं कोणी ते दारवान इमानेइतबारे हेडरमध्ये लिहीत होता. त्या ओळीचं नावच मुळी 'फॉरवर्डेड फॉर', म्हणजे अमक्याचं पुढे आणून दिलंय.

मी एक ओळ लिहिली: येणाऱ्या मागणीचे सगळे हेडर दाखव. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ते वरपासून खालपर्यंत वाचले.

काय वाचायला मिळालं म्हणून सांगू! प्रत्येक फोन स्वतःची कुंडली घेऊन आलेला. कुठल्या कंपनीचा, किती जुना. एक तर इतका म्हातारा की अजून चालतोय याचंच कौतुक वाटावं. भाषेच्या ओळीत बहुतेकांचं इंग्रजी, कारण दुकानदार फोन लावून देतो तो इंग्रजीत आणि आपण तो बदलत नाही. आणि त्या सगळ्यांच्या मधून दर अर्ध्या मिनिटाने एक मागणी येत होती, हॉलमधल्यांपेक्षा अगदी निराळ्या पत्त्यावरून. तिच्या भाषेच्या ओळीत होतं, आधी मराठी, नसेल तर इंग्रजी. 'कृपया पुन्हा प्रयत्न करू नये' असं माझं वाक्य वाचून ती पुन्हा प्रयत्न करत होती. थांबत नव्हती. ती कोण ते मला कोणी सांगायला नको होतं.

अकरा वाजून पाच मिनिटं. दाराशी उभ्या असलेल्याचा पत्ता घेणारी ओळ खोडली, हेडरमधला घेणारी ओळ घातली. वर आणखी एक अट. हे नाव आपल्या दारवानानेच लिहिलेलं असेल तर खरं धरायचं, नाहीतर उद्या कोणीही उठून डब्याखाली भलत्याचं नाव कोरील. यादी कोरी करून प्रोग्राम पुन्हा चढवला. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. सर उभे, आई उभी, पिवळा टीशर्ट माझ्या खांद्यावरून वाकून बघतोय.

"काका, हे फिरतंय का अडकलंय?"

"गप्प बस रे."

चक्र थांबलं. अकरा दहा. अकरा अकरा. पडद्यावरच्या यादीत माझ्या नावाखाली एक ओळ उमटली, आणि त्याच क्षणी सरांचा फोन.

"सर! आलं! जागा क्रमांक दोन! खिडकीजवळची आहे का ती?"

सरांनी मान वळवून दोन नंबरच्या खुर्चीकडे नीट पाहिलं. गणिताचा माणूस, अंदाजाने बोलत नाही. "आहे," ते म्हणाले. "जा आता, फोन जमा कर."

हॉल दणाणला. त्या मुलीला ओळखणारे आणि न ओळखणारे, सगळे ओरडले. आईने सगळ्यांदेखत माझ्या गालाला हात लावून बोटं मोडली. माझे डोळे भरून आले होते, तेवढ्यात पिवळा टीशर्ट म्हणाला, "काका, माझं अजून आधीच झालंय."

हॉलमधल्या चाळीसही जणांचं तसंच. मी परत हेडर वाचले, या वेळी शहाण्यासारखे. चाळिसांचा पत्ता एकच, कारण चाळीसही जण विहाराच्या एकाच वायफायवर. बाहेरून बघणाऱ्याला ते सगळं एक घर. आणि त्या घरातून एक नोंदणी नुकतीच पुन्हा झाली होती, कारण नवा प्रोग्राम चालतोय का बघायला मी माझं स्वतःचं नाव, 'आयुष्याची'सकट, परत घालून पाहिलं होतं. ते वायफायही गेल्या वर्षी मीच हौसेने बसवून दिलेलं.

"म्हणजे आम्ही सगळे तुमच्या नावावर?" पिवळा टीशर्ट.

"वायफाय बंद करा!" मी ओरडलो. "सगळ्यांनी आपापलं नेट चालू करा!"

चाळीस अंगठे. आणि मग यादी पळायला लागली. तीन, चार, नऊ, सतरा. हॉलमधली नावं, त्यांच्यामध्ये घुसणारी बाहेरची नावं, कोणी दुकानातून, कोणी रिक्षा बाजूला घेऊन. लोक आकडे मोठ्याने म्हणायला लागले. साठावं नाव पडलं तेव्हा साडेअकराला चार मिनिटं कमी होती. सरांनी रजिस्टर उघडलं नाही. त्याच्या लाल कापडावर दोनदा हात फिरवला आणि ते कपाटात ठेवून दिलं. जिन्यावरच्या रांगेत जिला कधी उभं राहता आलं नव्हतं, ती यादीत सगळ्यांच्या वर होती. म्हणजे माझ्या खाली, पण मला कोण मोजतो?

कुलूप लावता लावता सरांनी विचारलं, "एका घरात दोन बहिणी अभ्यास करत असतील, तर दोघींना एकच पत्ता ना?"

पुढच्या आठवड्यात पत्त्याचा नियम काढला आणि मोबाइलवर आकडा पाठवून खात्री करून घेण्याची सोय केली. ज्या नियमासाठी एवढं रामायण झालं, तो आता कुठेच नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी मी विजयी वीर होतो. आई मैत्रिणीकडे डबा परत द्यायला गेली होती, आत केळी घालून. मी अभ्यासिकेत जागा क्रमांक एकवर पाय पसरून बसलो. उद्घाटनाची खुर्ची, हक्काची. साडेसहाला ती आली. गळ्यात गोदामाचं ओळखपत्र तसंच. दाराशी लावलेली यादी तिने बोट फिरवत वाचली, रकान्यांसकट. मग माझ्या शेजारची दोन नंबरची खुर्ची जरा हलवून पाहिली, बसली, खिडकी उघडली, पुस्तक काढलं.

मी तिच्याकडे झुकलो. "ताई, सकाळी त्याचं काय झालं माहितीये का, प्रत्येक मागणीच्या डोक्यावर एक हेडर असतो..."

"काका," तिने पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "अभ्यासिकेत बोलायचं नसतं. आणि आयुष्याची परीक्षा घरी बसून देता येते. खुर्ची सोडा, माझी मैत्रीण जिन्यात उभी आहे."